पाच नंबरवर अडकलेली गाडी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय २९. कोरेगावजवळच्या गावातून रोज सातारा एमआयडीसीत ये-जा. गाडी दीडशे सीसीची, सहा वर्षं जुनी, ४८ हजार किलोमीटर झालेली. रविवारी मित्रांबरोबर यवतेश्वरच्या घाटाने कासला नाहीतर ठोसेघरला चक्कर असते. घाट उतरताना वळणात गाडी मागून डोलते, मधे खड्डा आला की बाहेर फेकल्यासारखी जाते. मेकॅनिकने मागचे शॉकअप 'हार्ड' करून पाच नंबरवर (पाच खाचांपैकी शेवटच्या) लावून दिले. त्याने डोलणं थोडं कमी झालं, पण पन्नासच्या वेगाला हँडल थरथरायला लागलं आणि कंबर दुखते म्हणून पत्नीने डबलसीट बसणंच सोडलं. आता मेव्हणे म्हणतात, गॅसवाले शॉकअप टाक, मागे रुंद टायर टाक आणि पुढे जाड तेल भर, गाडी रुळावरून चालल्यासारखी चालेल. शॉकअपचेच १६ हजार होतात. भिशी लागली आहे, पैसे हातात आहेत. '(डिस्कच्या बाजूच्या पाइपवर तेलकट काळी रिंग दिसते, पण ती बरेच दिवस आहे.) टाकू का शॉकअप? आणि घरी सांगू की नको?'

तुमच्या लांबलचक पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात घातलंय, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

ती काळी रिंग म्हणजे पुढच्या फोर्कचं (पुढच्या चाकाच्या दोन पाइपांतल्या शॉकअपचं) ऑइल सील गळतंय. गळणारं तेल पाइपवरून खाली येतं आणि ते डिस्कच्या बाजूला असेल, तर पुढचा मुक्काम कॅलिपर आणि ब्रेक पॅड. पॅडने एकदा तेल प्यायलं की यवतेश्वरच्या उतारावर ब्रेक दाबल्यावर काय होईल, हे सांगायची गरज नाही. 'बरेच दिवस आहे' हे तुम्ही धीर देणारं म्हणून लिहिलंय, मला ते उलटं वाटतं. जितके दिवस तेल बाहेर येतंय, तितके दिवस आत कमी आहे. आणि आत तेल कमी म्हणजे पुढचा फोर्क नुसत्या स्प्रिंगवर उड्या मारतोय.

तुम्ही मात्र सगळा संशय मागच्या चाकावर घेतलाय. मागून डोलते म्हणजे दोष मागे, असं वाटणं साहजिक आहे. पण दुचाकीला दोनच चाकं, आणि पुढचं चाक वळणात नीट टेकलं नाही तर शेपूट हलणारच. बैलगाडीचं जू ढिलं असलं तर मागची चाकं आवळून काय होणार?

तेव्हा आधी फडक्याने तो पाइप कोरडा पुसा, रोजचं कामाचं अंतर जा आणि परत बघा. कधी कधी सीलच्या ओठाखाली चिखलाचा कण अडकलेला असतो, तो निघाला की गळती थांबते. आपल्याकडे ऊस हंगामात रस्त्यावर जे काही पडलेलं असतं, त्यात हे नवल नाही. रिंग परत आली तर दोन्ही बाजूंची सीलं आणि दोन्ही बाजूंचं तेल बदलायचं. एकाच बाजूचं नाही. सहा वर्षांत तेल बदललं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक बदललेलं नसणार, कारण बहुतेकांना इंजिन ऑइल ठाऊक असतं, फोर्कमध्येही तेल असतं हे सील गळल्यावरच कळतं. पाइपवर गंजाचे खड्डे पडले असतील तर नवं सीलही महिन्या-दोन महिन्यांत कापलं जाईल, हे मेकॅनिकला आधी दाखवून घ्या.

तेलाचाच विषय निघालाय तर मेव्हण्यांच्या जाड तेलाचंही बोलू. शॉकअपमधलं तेल वंगणासाठी कमी आणि स्प्रिंगला ब्रेक लावण्यासाठी जास्त असतं. स्प्रिंग दाबली की ती उसळणार, उसळली की परत दबणार. तो झोका मोडायला तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि स्प्रिंगची ताकद त्या घर्षणात उष्णता होऊन संपते. बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर १२ या गाडीला असा तेलाचा टेलिस्कोपिक फोर्क दिला. नव्वद वर्षं झाली, तुमच्या गाडीतलं मूळ तत्त्व तेच आहे. आता तेल जाड केलं की ते भोकांतून सावकाश जातं. एक खड्डा असेल तर गाडी झकास वाटते. पण महामार्गावर रंबलरच्या पट्ट्या ओळीने येतात, तिथे पहिल्या पट्टीला दबलेला फोर्क वर येण्याआधी दुसरी येते, मग तिसरी. फोर्क दबत दबत खालीच राहतो आणि शेवटच्या पट्टीला लोखंडावर लोखंड.

हे मी ऐकीव सांगत नाही. मिरजेत असताना माझ्या गाडीच्या फोर्कमध्ये मीच हौसेने इंजिनचं जाड तेल भरलं होतं. सांगली-मिरज रस्त्यावर गाडी इतकी छान वाटली की चार जणांना सल्ला देऊन मोकळा झालो. मग कुंभार्ली घाट उतरताना एका खडबडीत वळणावर पुढचं चाक टपटप टपटप करत सरळच निघालं. पडलो नाही, पण त्या चार जणांना फोन मात्र केले. कंपनीच्या पुस्तिकेत जे तेल आणि जितकं माप लिहिलंय, तितकंच भरा. दोन्ही पाइपांत सारखं. माप जास्त झालं तर आतल्या हवेला जागा उरत नाही, ती दबून कडक होते आणि नवंकोरं सील पुन्हा फुटतं.

आता पाच नंबर.

तुमच्या पत्रात 'हार्ड' हा शब्द सात वेळा आलाय, मी मोजले. गाडी हार्ड म्हणजे पकड चांगली, असं तुम्ही धरून चाललात. तुमच्या मेकॅनिकनेही तेच धरलं आणि खरं सांगायचं तर निम्मा सातारा जिल्हा तेच धरून चालतो. पण टीव्हीवर शर्यतीच्या गाड्या कडक दिसतात, त्या पळतात आरशासारख्या डांबरावर. आपला रस्ता तसा नाही. पकड टायरची असते, आणि टायर रस्त्याला टेकलेलं असेल तेवढाच वेळ असते. खड्ड्यात चाक खाली उतरलं पाहिजे, उंचवट्यावर वर चढलं पाहिजे आणि तुम्ही मात्र जागच्या जागी राहिले पाहिजेत. कडक शॉकअपवर चाक आणि तुम्ही एकत्रच उडता. उडालेल्या चाकाला वळण कळत नाही, ते सरळ जातं. 'खड्डा आला की बाहेर फेकल्यासारखी जाते' असं तुम्ही लिहिलंय ना, ते हेच असण्याची शक्यता मोठी आहे.

आणखी एक गंमत. तो पाच घाट्यांचा (खाचांचा) ॲडजस्टर स्प्रिंगला कडक करतच नाही. समजा तुमची स्प्रिंग दर मिलिमीटर दबायला दोन किलो मागते. एक नंबरवर असो की पाच नंबरवर, ती दोनच किलो मागणार. घाटी फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते, बस. दहा मिलिमीटर दाबून ठेवली तर पहिल्या वीस किलोंना ती हलणारच नाही, त्यापुढे पुन्हा तोच हिशोब. परिणाम काय, तर गाडीची शेपूट वर उचलली जाते. ते छोट्या दणक्यांना न हलणं आपल्याला 'हार्ड' वाटतं आणि वहिनींच्या कंबरेला जाणवतं.

शेपूट वर गेली की पुढचा फोर्क अधिक उभा होतो. त्याने हँडल चपळ होतं, पण चंचलही होतं. पन्नासला थरथर पाच नंबरनंतरच सुरू झाली ना? मात्र माझा अंदाज असा की पाच नंबरने ती निर्माण केली नाही, उघडी पाडली. ४८ हजार किलोमीटरला कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) झिजलेला असू शकतो. गाडी मेन स्टँडवर लावा, मागे कुणाला तरी कॅरिअर दाबायला लावून पुढचं चाक उचलून घ्या आणि हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे फिरवा. मधोमध अडकल्यासारखं, खाचेत बसल्यासारखं झालं तर कोनसेट गेला. फोर्कचे दोन्ही पाय खालून धरून पुढे-मागे हलवा. टक् झालं तर तो ढिला आहे. मग मागचं चाक धरून आडवं हलवा. चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) बुशात खेळ असेल तर हाताला लगेच कळतो. हा खेळ असताना जगातला कुठलाही महागडा शॉकअप टाका, डोलणं जाणार नाही. कारण शॉकअप वर-खाली सांभाळतो, आडवं सांभाळणं हे त्याचं कामच नव्हे.

आणि टायर. 'नक्षी अजून आहे' असं लिहिलंत. पण तुम्ही रोज कोरेगाव-सातारा सरळ रस्त्यावर वीसेक किलोमीटर जाता, तितकेच येता. त्यात टायरचा मधलाच भाग घासतो, कडा तशाच राहतात, आणि गोल टायर चौकोनी होतो. मग रविवारी घाटात गाडी कलती केली की ती मधल्या सपाटीवरून कडेवर एकदम पडते. बसणाऱ्याला वाटतं शॉकअप गेले. टायरवर तळहात आडवा फिरवा, सपाट पट्टा लागला तर समजा. तो बदलायचा झाला तर कंपनीच्या मापाचाच बदला. त्याच रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत खेचल्या जातात, गोलाई बिघडते आणि गाडी वळायला जड होते. मेव्हण्यांना एवढंच सांगा.

हवा शेवटी सांगतोय, पण करायची सगळ्यात आधी. चेन कव्हरवर किंवा चिमट्यावर स्टिकर असतो. तुमच्या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि डबलसीटला ३२-३३ पीएसआय असा आकडा दिसतो. तुमचा जो असेल तो. टायर थंड असताना, पहिल्या दोन-तीन किलोमीटरच्या आतच भरायची. पंपावरचा पोरगा न विचारता चाळीस मारतो, तेवढ्यानेच गाडी दगडासारखी होते. मग लोक येऊन शॉकअप 'सॉफ्ट' करा म्हणतात.

हे सगळं ठीक झालं की खरं सेटिंग. त्याला भिशी लागत नाही. घरात शिवणकामाचा टेप असेल तेवढा पुरे.

मेन स्टँडवर लावल्यावर मागचं चाक अधांतरी लटकतं, शॉकअप पूर्ण उघडलेले असतात. चाकाच्या ॲक्सलपासून सरळ वर मडगार्डच्या पट्टीवर किंवा साईड पॅनेलवर चिकटपट्टीची खूण करा आणि अंतर मोजा. समजा ५६० मिलिमीटर आलं. आता गाडी स्टँडवरून काढा, नुसती सरळ उभी धरा, पुन्हा मोजा. मग हेल्मेट, जॅकेट, डबा, रोज जे अंगावर असतं ते घालून बसा, पाय पायदानावर, आणि कुणाला तरी मोजायला सांगा. ५६० मधून हा तिसरा आकडा वजा केला की तुमच्या वजनाने गाडी किती बसली ते कळतं. शॉकअप थोडे चिकट असतात, म्हणून एकदा सीट दाबून सोडून आणि एकदा किंचित उचलून सोडून असं दोनदा मोजायचं, मधला आकडा धरायचा.

किती बसायला हवी? चाकाच्या एकूण खेळाच्या, म्हणजे ते वर-खाली जितकं हलू शकतं त्याच्या, साधारण पाव ते एक तृतीयांश. मागचा खेळ शंभरेक मिलिमीटर असेल तर पंचवीस ते तेहतीसच्या आसपास. एकटे असताना तुमच्या पाच नंबरवर माझ्या अंदाजाने बारा-पंधराच येतील. म्हणजे खड्डा आला की चाकाला खाली उतरायला जेमतेम दीड सेंटिमीटर जागा, त्यापुढे ते हवेत. लोक वर दबायची जागा बघतात. खाली उतरायची जागाही तितकीच लागते, हे सहसा कुणी सांगत नाही.

मग हुकासारखा तो पाना घ्या (गाडीच्या टूलकिटमध्ये असतो, तुमच्या गाडीत नसेल तर पहिल्या सर्व्हिसिंगलाच गेला असेल), एक-एक घाटी उतरवा, दोन्ही बाजूंना सारखी, आणि प्रत्येक वेळी मोजा. एकट्याला दोन किंवा तीन नंबर निघेल असं वाटतं. मग वहिनींना मागे बसवून परत मोजा. त्यांच्यासाठी कदाचित चार लागेल, कदाचित पाचसुद्धा. म्हणजे तुमचा मेकॅनिक चुकीचं काही करत नव्हता. त्याने डबलसीटचं सेटिंग रोजच्या एकट्याच्या फेरीला लावून ठेवलं, एवढंच. दोघे बसल्यावर शेपूट फार खाली बसली तर पुढचं चाक हलकं होतं, वळणात गाडी बाहेर जाते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत. त्यामुळे ठोसेघरला दोघे निघालात तर दोन मिनिटं खाली बसून घाटी चढवायची, सोमवारी उतरवायची. हे आपण करत नाही, कारण ते सेटिंग 'एकदा लावून टाकायची' गोष्ट आहे असं आपल्या डोक्यात बसलंय.

कंबरेचं मात्र सगळं शॉकअपवर ढकलू नका. गावातल्या गतिरोधकांसाठी कुठलीच गाडी बनवलेली नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या संहितेत गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरला सहज ओलांडता येईल असा सांगितला होता. तुमच्या गावातल्या वीतभर रुंदीच्या उंचवट्याशी हे ताडून बघा आणि पहिल्या गिअरवर या.

आता १६ हजारांचा प्रश्न. गॅसचे शॉकअप वाईट नसतात. फक्त गॅस कशाला असतो ते माहीत असावं. सतत वर-खाली झाल्यावर आतल्या तेलात बुडबुडे होतात आणि फेसाळलेलं तेल झोका मोडू शकत नाही. नायट्रोजनचा दाब तो फेस होऊ देत नाही. लांबच्या खराब रस्त्यावर त्याचा फायदा खरा आहे. पण पुष्कळांना वाटतं की गॅसची गादी असते, गाडी तरंगते. तसं काही नसतं.

तुम्हाला नवे लागतील का, हे गाडीच सांगेल. शेपूट जोरात दाबून सोडा. वर येऊन थांबली तर मागचं तेल जिवंत आहे. दोन-तीन वेळा हेलकावली तर शॉकअप संपले. ते सीलबंद असतात, बदलावेच लागतात, तेही जोडीने. तशा वेळी कंपनीची मूळ जोडी १६ हजारांच्या बऱ्याच आत मिळते, आणि ती तुमच्या गाडीच्या वजनाला बेतलेली असते. दोघे बसल्यावर पाच नंबरवरही शेपूट खेळाच्या निम्म्याने बसत असेल, तर स्प्रिंग खचली आहे किंवा तुमच्या एकत्र वजनाला ती कमी पडते. तेव्हा नवे घ्या, आणि घेताना दुकानदाराला दोघांचं वजन सांगा. वजन न विचारता जो शॉकअप विकतो, त्याच्याकडून मी तरी घेणार नाही.

एक गोष्ट तुम्ही स्पष्ट लिहिली नाही, पण ओळींमधून दिसते. मित्र पुढे जातात आणि तुम्ही मागे राहता. घाट उतरताना वळणाच्या मधोमध ब्रेक दाबत असाल, तर गाडीचं सगळं वजन पुढे जाऊन फोर्क आधीच खोल दबलेला असतो. मग खड्डा गिळायला त्याच्याकडे जागाच नसते. वळणाआधी ब्रेक, वळणात ॲक्सिलरेटर अगदी हलका पण कायम, एवढं पंधरा दिवस करून बघा. फोर्क मधल्या उंचीवर राहतो आणि तोच फोर्क वेगळा वाटायला लागतो. पावसाळ्यात तिथे कडेला शेवाळ असतं, समोरून एसटी आपला रस्ता धरून येते. त्यामुळे मागे राहिलात तर राहू द्या, कासची फुलं कुठे पळून जात नाहीत.

क्रम मात्र पाळा: आधी हवा, मग सील आणि तेल, मग कोनसेट आणि बुश, मग टायर, मग टेप. एका वेळी एकच बदल करायचा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वळणांवर फिरून यायचं. एका दिवसात चार गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि बिघडलं तर परत कुठे जायचं तेही कळत नाही. आकडे एका कागदावर लिहून सीटखाली ठेवा. हाच क्रम पल्सरवाल्याला, युनिकॉर्नवाल्याला, कुणालाही चालेल. एकच मोनोशॉक असला तर घाटी मधे एकच, आणि पाना पोचवायला हात थोडे काळे होतात एवढंच.

घरी सांगू की नको, हे तुम्ही शेवटी विचारलंत. गाडीवर बसून स्वतःचा तिसरा आकडा स्वतःला मोजता येत नाही. टेप धरायला दुसरं माणूस लागतंच, आणि टेप त्यांचाच आहे.